राजीनामा आणि नव्या नोकरीची तारीख: आधी मोजा, मग शब्द द्या

जूनच्या पहिल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोरेगावचा एक मुलगा माझ्या टेबलाशी आला. क्वालिटी विभागात साडेसहा वर्षं काढलेली, कामाला चोख. "मॅडम, शिरवळला काम झालंय. एक जुलैला हजर व्हा म्हणालेत, मी हो म्हणून आलोय. राजीनामा कसा लिहायचा तेवढं सांगा." मी कपाटातून त्याची फाइल काढली, कन्फर्मेशन लेटर, म्हणजे कायम केल्याचं पत्र, उघडलं आणि चौथ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. नोटीस पिरियड दोन महिने. त्याच दिवशी राजीनामा दिला असता तरी तो 1 ऑगस्टच्या आधी सुटत नव्हता, आणि शब्द देऊन बसला होता 1 जुलैचा.

गेली चौदा वर्षं मी साताऱ्याच्या एमआयडीसीत आहे. आधी टाइम ऑफिस, मग पगारपत्रकं, आता सगळा एचआर विभाग. हा प्रसंग दर दोन-तीन महिन्यांनी माझ्यासमोर येतो. मुलाखत कशी द्यायची हे पोरांना दहा जण शिकवतात, नोकरी सोडायची कशी हे कुणी सांगत नाही. आणि नुकसान होतं ते सोडतानाच. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. सातारा, कराड, शिरवळ, कुपवाड, मिरज, पलूस, कुठल्याही कारखान्यात किंवा खासगी ऑफिसात असाल तरी ते लागू पडेल. सरकारी आणि झेडपीच्या नोकऱ्यांचे नियम वेगळे आहेत, ते इथे घेतलेले नाहीत.

आधी स्वतःचे कागद बाहेर काढा

नव्या ठिकाणी पहिली मुलाखत ठरली, की त्याच रात्री घरातली फाइल उघडा. अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन लेटर आणि त्यानंतर दरवर्षी मिळालेलं प्रत्येक इन्क्रिमेंट लेटर. तिन्ही वाचा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बहुतेक जण अपॉइंटमेंट लेटरवर थांबतात. त्यात बऱ्याचदा प्रोबेशनच्या काळातली नोटीस असते, 15 दिवस किंवा 1 महिना. कायम झाल्यावर ती बदलते.

इथेच मी स्वतः ठेचाळले आहे. पहिल्या नोकरीत माझी नोटीस एका महिन्याची होती, अशी माझी पक्की समजूत. तिसऱ्या वर्षीच्या इन्क्रिमेंट लेटरमध्ये पगाराच्या तक्त्याखाली एक ओळ होती: यापुढे नोटीसची मुदत दोन महिने राहील. खाली माझीच सही. पगार किती वाढला एवढंच बघून मी ती केली होती. नवी कंपनी थांबायला तयार नव्हती, जुनी सोडायला तयार नव्हती. शेवटी एका महिन्याचा पगार भरून सुटले. ते पैसे आईने भिशीतून काढून दिले. तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक इन्क्रिमेंट लेटरवर, नोटीसची मुदत बदलली असेल तर ती ओळ मी ठळक अक्षरात छापते.

नोटीसशिवाय आणखी तीन गोष्टी शोधा. नोटीस कमी पडली तर कापायचा तो पगार मूळ की एकूण? शिल्लक सुट्ट्या नोटीसमध्ये वळत्या करता येतात का? आणि बाँड आहे का? बाँड म्हणजे नुसता धाक, असं पोरं एकमेकांना सांगतात. त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये किमान तीन वर्षं नोकरीची आणि आधी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड असाच टिकेल असं नाही. कंपनीचं खरं नुकसान किती, रक्कम वाजवी आहे का, हे पाहिलं जातं. पण सही केली असेल तर रक्कम हिशोबात धरा.

दिवस मोजायचे कसे

कागदावर "दोन महिने" आहे की "60 दिवस", हे नीट बघा. 5 जूनला राजीनामा दिला आणि तोच पहिला दिवस धरला, तर दोन महिने 4 ऑगस्टला भरतात, 60 दिवस 3 ऑगस्टला. काही ठिकाणी पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. एका दिवसाचा फरक किरकोळ वाटतो, पण रिलिव्हिंग लेटरवर (कार्यमुक्त केल्याच्या पत्रावर) 4 तारीख आणि नव्या कंपनीत हजेरी 4 तारखेचीच, असं झालं की पीएफच्या नोंदीत तुम्ही एकाच दिवशी दोन कंपन्यांत दिसता. पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तेच पहिलं विचारतात.

साप्ताहिक सुट्टी आणि सणाच्या सुट्ट्या बहुतेक ठिकाणी नोटीसमध्ये धरल्या जातात. नोटीसच्या काळात घेतलेली रजा मात्र काही कंपन्या धरत नाहीत, तेवढे दिवस पुढे ढकलतात. बहिणीचं लग्न किंवा गावची जत्रा त्या काळात असेल, तर राजीनाम्याच्या आधीच विचारून घ्या.

ऑफर लेटर हातात येईपर्यंत गप्प बसा

"तुमचं फायनल झालंय" हा फोन म्हणजे ऑफर नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेला पगाराचा तक्ता म्हणजेही ऑफर नव्हे. कंपनीच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत मेलवरून आलेलं पत्र हवं. त्यात पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड आणि जॉइनिंगची तारीख या चार गोष्टी हव्यात. ठिकाण यासाठी, की मुलाखत शिरवळला होते आणि पत्रात पुढे "किंवा कंपनीच्या कोणत्याही प्लांटमध्ये" असं लिहिलेलं असतं. पगाराची फोड यासाठी, की सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, पीएफचा कंपनीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा सगळं धरलेलं असतं आणि हातात येणारी रक्कम वेगळीच असते. हातात किती येणार, हे विचारायला संकोच करू नका. रोज आम्हाला हाच प्रश्न येतो, कुणी वाईट मानत नाही.

ऑफर मेडिकलवर किंवा कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून असेल, तर जमल्यास तेवढं आधी करून घ्या, मग राजीनामा द्या. मूळ गुणपत्रिका आणि डिप्लोमा कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या.

जॉइनिंगची तारीख कशी मागायची

कोरेगावच्या मुलाला मी आधी राजीनामा लिहायला बसवलं नाही. माझ्यासमोर बसून शिरवळच्या एचआरला फोन लावायला सांगितला. तो घाबरला होता, ऑफर जाईल म्हणून. बोलणं असं झालं:

"सर, मी परवा 1 जुलै म्हणालो होतो, पण कागद बघितल्यावर लक्षात आलं की माझी नोटीस दोन महिन्यांची आहे. तुमचं पत्र आलं की त्याच दिवशी राजीनामा देतो. लवकर सोडा अशी विनंती इथे करणारच आहे, पण ती मान्य होईलच असा शब्द मी देऊ शकत नाही."

पलीकडून थोडी कुरकुर झाली. मग प्रश्न आला, "नक्की कधी येणार?" तो म्हणाला, "पूर्ण नोटीस भरावी लागली तर 11 ऑगस्टच्या सोमवारी येतो. लवकर सुटका झाली तर आठ दिवस आधी कळवतो." बाकी काही नाही. तीन दिवसांनी, 5 जूनला, 11 ऑगस्टच्या तारखेचं सुधारित पत्र मेलवर आलं.

यात तीन गोष्टी त्याने नीट केल्या. चूक स्वतःहून सांगितली. लांबची, खात्रीची तारीख दिली आणि जवळची फक्त शक्यता म्हणून ठेवली. आणि बदललेली तारीख लेखी घेतली. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फोनवर "चालेल, या सावकाश" म्हणणारा माणूस दोन महिन्यांत बदलून जाऊ शकतो, आणि पत्रावर जुनी तारीख असेल तर त्या दिवशी न आल्यास ऑफर रद्द, असं कलम त्याच पत्रात खाली असतं.

सुटण्याचा दिवस आणि हजर होण्याचा दिवस यांत पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवाच, हे माझं ठाम मत आहे. 4 ऑगस्ट ते 11 ऑगस्ट हे अंतर त्यासाठीच होतं. रिलिव्हिंग लेटरवर सही करणारे साहेब रजेवर असतात, स्टोअरचा एक शिक्का राहतो, शेवटच्या दिवशी लाइनवर ऑडिट निघतं. आणि माणसाला दोन दिवस झोपही लागते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला तर ती लागतेच.

नवी कंपनी फार घाई करत असेल तर शांतपणे विचारा, "नोटीसचे राहिलेले दिवस तुम्ही विकत घ्याल का?" म्हणजे बायआउट. मोठ्या कंपन्यांत ही सोय असू शकते. पण ते पैसे पगारातून परत मिळणार की आधी, एका वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावे लागणार का, हे लेखी घ्या.

तारीख धरताना नव्या ठिकाणच्या पगाराची कट-ऑफ तारीख विचारा. बऱ्याच ठिकाणी ती 20 ते 25 च्या दरम्यान असते. त्यानंतर हजर झालात तर पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो. 24 तारखेला रुजू झालेल्या माणसाला पाच-सहा आठवडे पगार दिसत नाही, आणि घराचा हप्ता काही थांबत नाही.

कंपनीची बस कुठून सुटते आणि किती वाजता, हेही तारीख ठरवतानाच विचारून घ्या. सकाळच्या शिफ्टची बस बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून पहाटे सुटते आणि तुम्ही कोरेगावच्या पलीकडून येणार, तर पहिल्या आठवड्यात साताऱ्यात कुणाकडे राहायची सोय आधी लावावी लागते.

पितृपक्षात नवं काम नको, घटस्थापनेला हजर होतो, अशी विनंती दरवर्षी येते. मला त्यात काही गैर वाटत नाही, घरच्यांचं मन सांभाळावं लागतं. फक्त ती ऑफर स्वीकारतानाच करा. आदल्या दिवशी फोन करून अमावास्या सांगितली तर समोरच्याला ती टाळाटाळ वाटते.

साहेबांना सांगणं

क्रम असा ठेवा: आधी थेट वरिष्ठ, मग लगेच पत्र, मग बाकी सगळे. कँटीनमधून बातमी साहेबांच्या कानावर गेली, तर पुढचे दोन महिने जड जातात. एमआयडीसी लहान आहे. इथल्या एचआरवाल्यांचं आपापसात बोलणं असतं, आणि दहा वर्षांनी तेच साहेब नव्या कंपनीत तुमचे प्लांट हेड म्हणून समोर येतात. मी हे तीनदा पाहिलं आहे.

वेळ बघून जा. डिस्पॅचच्या गडबडीत किंवा शिफ्ट बदलताना नको. "सर, पाच मिनिटं हवी होती, बसून बोलायचंय," एवढं म्हणा. मग सरळ सांगा: "मी राजीनामा देतोय. दुसरीकडे संधी मिळाली आहे. नोटीसप्रमाणे माझा शेवटचा दिवस 4 ऑगस्ट येतो. तोवर काम कुणाला समजावून द्यायचं ते तुम्ही सांगा." कुठे जाताय, किती पगार, हे सांगायचं बंधन नाही. "रुजू झाल्यावर नक्की सांगतो, सर," हे उत्तर पुरेसं आहे. वर्षानुवर्षांच्या तक्रारी त्या दिवशी काढू नका. त्या खऱ्या असतील, पण आता त्यातून काही सुटत नाही.

पगार वाढवून देतो, थांब, असं साहेब म्हणाले तर? ठरवणारे तुम्ही. मी फक्त इतकं विचारते, की सोडायचं कारण पगार हेच होतं का. साडेतीनच्या बसने घरी पोचायला सहा वाजतात म्हणून सोडत असाल, तर चार हजार वाढल्याने घर जवळ येत नाही. थांबायचं ठरलंच तर वाढीचं पत्र हातात घ्या, आणि नव्या कंपनीला त्याच दिवशी स्वच्छ शब्दांत नाही कळवा.

पत्र आणि पोहोच

राजीनामा मराठीत लिहिला तरी चालतो. मी मराठीतले कितीतरी स्वीकारले आहेत. लांबण नको. हा नमुना घ्या:

प्रति,
मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
दि. 5 जून
विषय: पदाचा राजीनामा

महोदय,
मी दि. ……… पासून आपल्या कंपनीत क्वालिटी विभागात ……… या पदावर काम करत आहे. वैयक्तिक कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या दि. ……… च्या कन्फर्मेशन लेटरनुसार नोटीसची मुदत दोन महिने असून, आजपासून मोजता माझ्या कामाचा शेवटचा दिवस 4 ऑगस्ट येतो. राजीनामा स्वीकारल्याचे व शेवटच्या दिवसाची तारीख लेखी कळवावी, ही विनंती. माझ्याकडील काम आपण सांगाल त्या सहकाऱ्याकडे मी पूर्णपणे सोपवीन.
आपला विश्वासू,
(सही, नाव, टोकन नंबर)

"त्वरित कार्यमुक्त करावे" असं या पत्रात घालू नका. लवकर सुटायची विनंती वेगळ्या कागदावर करा. नाहीतर तुम्ही नोटीस द्यायलाच तयार नव्हता, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

पत्राच्या दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोहोच घ्या. मेल करणार असाल तर एचआर आणि वरिष्ठ दोघांना, आणि एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. कुणी पोहोच द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा, रजिस्टर पोस्ट सप्टेंबर 2025 पासून त्यातच विलीन झालं आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1977 च्या कायद्यात तर राजीनाम्याची रीतच अशी घालून दिली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने, एक स्वतःजवळ. त्यांच्या नियमांत कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि तात्पुरत्याला एका महिन्याची नोटीसही सांगितली आहे. सातारा-सांगलीत शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्यांची संख्या मोठी, त्यांनी हे लक्षात ठेवावं. कारखान्याला तो कायदा लागू नाही, पण रीत उचलण्यासारखी आहे.

राजीनामा न देता गायब होणं, हे कधीच करू नका. फोन बंद करून घरी बसलेल्या पोरांची अनुपस्थितीची पत्रं मीच टाइप केली आहेत. पुढे दोन वर्षांनी त्यांच्याच आया अनुभवाचा दाखला मागायला गेटवर येतात. तेव्हा माझे हात बांधलेले असतात, आणि ते मला फार लागतं.

लवकर सुटायचं असेल तर

नोटीस 60 दिवसांची, तुम्ही 40 दिवस भरले, 20 राहिले. मूळ पगार 24,000 आणि एकूण 38,000 असेल, तर मूळ पगारावर कपात 16,000 होते, एकूण पगारावर सुमारे 25,333. नऊ हजारांहून जास्त फरक, आणि तो फक्त पत्रातल्या एका शब्दावर. म्हणूनच वर म्हटलं, तो शब्द आधी शोधा. या वसुलीवर कुणी जीएसटी लावला तर थांबवा. नोटीसपोटी कापलेल्या पगारावर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

शिल्लक ईएल (अर्जित रजा) वळती करण्याची विनंती करा, पण ती बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीवर असते. लवकर सोडवून घेण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग मात्र वेगळाच आहे: तुमचं काम करू शकेल असा माणूस तयार करून दाखवणं. कोरेगावच्या मुलाने गेज कॅलिब्रेशनचं रजिस्टर घेतलं आणि प्रत्येक गेजपुढे पेन्सिलने लिहिलं. हा कुणाकडे असतो, कुठल्या तारखेला पाठवायचा, कोणता व्हर्नियर सकाळी थंड असताना चुकीचं माप दाखवतो. दोन ज्युनियरना रोज अर्धा तास बसवलं. त्याच्या साहेबांनी जुलैच्या शेवटी स्वतःहून विचारलं, "चार दिवस आधी जायचंय का?" तोच नको म्हणाला, तारीख ठरली होती.

पतसंस्था, नो ड्यूज आणि जामीन

नो ड्यूजच्या, म्हणजे तुमच्याकडे काही बाकी नाही अशा कागदावर स्टोअर, टूल क्रिब, कँटीन, आयटी, सिक्युरिटी अशा सह्या लागतात. त्या शेवटच्या आठवड्यात उरकतात. अडकतं ते पगारदार पतसंस्थेत, आणि त्याविषयी कुणी आधी बोलत नाही.

आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत कामगारांची पतसंस्था असते. कर्जाचा हप्ता पगारातूनच कापला जातो. सभासदाने तशी संमती लिहून दिली की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 प्रमाणे कंपनीने तो कापून द्यायचा असतो. तुम्ही नोकरी सोडली की हा मार्ग बंद होतो, आणि संस्था उरलेलं कर्ज एकदम मागू शकते. तुमचे शेअर्स आणि ठेव वळते होतात, उरलेली रक्कम फुल अँड फायनलमधून, म्हणजे कंपनीकडच्या शेवटच्या हिशोबातून जाते. तेवढ्याने भागलं नाही तर नोटीस जाते ती जामीनदारांना. म्हणजे ज्या दोन मित्रांनी तुमच्या लग्नाच्या कर्जावर सही केली, त्यांना.

म्हणून राजीनामा दिल्याच्या आठवड्यातच पतसंस्थेच्या सचिवांना भेटा. बाकी किती, ते लेखी घ्या. एकरकमी भरणं जमत नसेल तर धनादेश किंवा बँक हप्त्याची सोय मागा, अनेक संस्था देतात. आणि दोन्ही जामीनदारांना स्वतः जाऊन सांगा. उलट बाजूही तपासा: तुम्ही कुणाला जामीन असाल तर त्याला दुसरा जामीनदार बघायला वेळ द्यावा लागतो.

तुमचे पैसे

बोनस घेऊन मगच सोडू, म्हणून माणसं दिवाळीपर्यंत थांबतात आणि ऑफर घालवतात. ज्याचा पगार बोनसच्या मर्यादेत बसतो आणि ज्याने त्या हिशोबी वर्षात किमान 30 दिवस काम केलं आहे, त्याचा कायद्याने मिळणारा बोनस राजीनाम्यामुळे जात नाही. वर्ष मार्चअखेर संपत असेल तर तो नोव्हेंबरअखेरपर्यंत द्यायचा असतो. कमीत कमी 8.33 टक्के. त्यावर कंपनी खुशीने देते ती रक्कम मात्र हजेरीपटावर असणाऱ्यांनाच मिळते, असं बऱ्याच ठिकाणी आहे. तुमचा दिवाळीचा आकडा यांपैकी कोणता, ते एचआरला विचारा आणि मग थांबायचं की नाही ते ठरवा.

ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग नोकरीवर मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही अट एका वर्षावर आली आहे. हिशोब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. कोरेगावच्या मुलाची सहा वर्षं आठ महिने झाली होती, म्हणून सात वर्षं. वेतन 24,000, रक्कम 96,923. तुमची चार वर्षं दहा महिने झाली असतील, तर नव्या कंपनीकडे दोन महिने मागून बघा. माझ्या अनुभवात अशी विनंती खरं कारण सांगून केली तर ऐकली जाते. ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्या, देय झाल्यापासून 30 दिवसांत ती मिळायला हवी.

राहिलेल्या पगारासाठी आता वेतन संहितेत दोन कामकाजी दिवसांची मुदत आहे. तरीही सगळा हिशोब मिटायला महिना-दीड महिना लावणारी ठिकाणं मी पाहते आहे, त्यामुळे निदान दीड महिन्याचा घरखर्च हाताशी ठेवूनच सोडा.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, तोच राहतो, तो नव्या कंपनीला द्या. आधार आणि पीएफमधलं नाव, जन्मतारीख जुळते का, ते राजीनाम्याआधी बघा. जुन्या कंपनीत असताना दुरुस्ती फार सोपी असते. सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी जोडली जायला हवी.

जुन्या ठिकाणचा त्या वर्षातला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला जरूर कळवा. नाहीतर नव्या करप्रणालीतली 75,000 ची प्रमाणित वजावट दोन्हीकडे धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम कर निघतो. कंपनीचा मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर मधल्या दिवसांत ते येऊ देऊ नका.

शेवटचा दिवस

गेटबाहेर पडण्याआधी रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला मागा. त्यावरचं नाव, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथेच उभं राहून वाचा. मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप डाउनलोड करून ठेवा, पोर्टल दुसऱ्या दिवशी उघडत नाही. पत्र लगेच तयार नसेल, तर राजीनामा स्वीकारल्याचा आणि शेवटच्या दिवसाच्या तारखेचा मेल तरी घ्या. बऱ्याच नव्या कंपन्या तेवढ्यावर रुजू करून घेतात आणि रिलिव्हिंग लेटरला काही दिवसांची मुदत देतात.

कोरेगावच्या मुलाचं लेटर 4 ऑगस्टला दुपारी तयार होतं. त्याने वाचलं आणि परत आणून दिलं. रुजू झाल्याचं साल एका वर्षाने चुकलं होतं, चूक माझ्या विभागाची. नवं छापून, सही-शिक्का होईपर्यंत साडेपाच वाजले. तो तोवर पतसंस्थेच्या ऑफिसात जाऊन पुढच्या बारा हप्त्यांचे धनादेश देऊन आला.